‘नागडोह’मधली उडी

जोगेश्वरी,
१० फेब्रुवारी १९८५

प्रिय रत्ना,

दिवाळीनंतर तुझं पत्र नाही, माझंही नाही. तुझी लोकलची लाइन वेगळी, माझी वेगळी, आणि माझ्या पायाला दादरचा जिना झेपत नाही. म्हणून आपली मैत्री पोस्टमनच्या भरवशावर.

आज कारण घडलं. शेजारच्या शकुने शिवायला ब्लाउजपीस आणले, पेपरात गुंडाळून. कापड काढलं आणि पेपर फेकणार तोच ‘नागडोह’ हे नाव दिसलं. येत्या २१ एप्रिलला घाटकोपरला ‘नागडोह’चा रौप्यमहोत्सव आहे. पिक्चर लागला आणि पुढच्याच आठवड्यात महाराष्ट्र राज्य झालं, म्हणून दोन्हींचा सोहळा एकत्र. मैदानात पडदा लावून पिक्चर दाखवणार, मग निर्माते चंद्रप्रकाश यांचा सत्कार, आणि नायिका अनुपमाबाईंना ‘त्या अविस्मरणीय उडीबद्दल’ खास शाल.

त्या उडीबद्दल, रत्ना!

तुला सगळं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय आज मशीनवर बसता येणार नाही. मी एकोणीस वर्षांची. तू तेव्हा अनुपमाबाईंची हेअरड्रेसर. तूच मला म्हणालीस, ‘मालन, तू गावच्या खाडीत पोहलेली पोरगी, बाईंची डुप्लिकेट म्हणून येतेस का, एका दिवसाचं काम आहे.’ पवईच्या पलीकडची ती दगडाची खाण, पाण्याने भरलेली. चंद्रप्रकाशने सांगितलं पाणी खोल आहे, मोजलंय. मी उडी मारली. पाण्याखाली खडक होता. खुबा मोडला तो कायमचा.

पण खुब्याचं जाऊ दे. इस्पितळात फौजदार आला आणि कॉटशेजारी उभं राहून त्याने मला कुणा बाईचा जबाब वाचून दाखवला. या मुलीचा शूटिंगशी काही संबंध नाही. कुणाशी तरी प्रेम होतं, ते मोडलं, म्हणून जीव द्यायला आली होती. नाव त्याने सांगितलं नाही. बाबांनी पोलीस ठाण्यात साहेबाचे पाय धरले तेव्हा माझ्यावरची आत्महत्येच्या प्रयत्नाची केस मिटली. लवूच्या आईने साखरपुड्याची साडी परत मागवली. माझा बाप धोंडू, गिरणीत ज्याच्या शब्दाला मान होता, तो त्यानंतर मान खाली घालून जगला आणि तसाच गेला.

आणि थेटरात त्याच उडीवर लोक शिट्ट्या मारत होते.

मी पंचवीस वर्षं गप्प बसले. आता नाही. त्या मंडपात, सगळ्यांसमोर, मला चंद्रप्रकाशची वाट लावायची आहे. आणि तो जबाब देणारी बाई शोधायची आहे. तू त्या पिक्चरवाल्यांत अजून येजा करतेस. तिचं नाव शोधून काढ. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
मालन


मुलुंड (पूर्व),
१९ फेब्रुवारी १९८५

प्रिय मालन,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. अगं, किती जपून ठेवलंस हे सगळं!

पण मला सांग, आता काय मिळणार? चंद्रप्रकाश सत्तरीला आलेत. हार्टचं दुखणं आहे. माणसं त्यांना देव मानतात. तू उभी राहून काही बोलायला गेलीस तर तुलाच वेड्यात काढतील. तुझे हात सोन्याचे आहेत, अख्खी जोगेश्वरी तुझ्याकडून ब्लाउज शिवून घेते. त्यात सुख मान ना.

जबाबाचं विचारलंस. मला खरंच ठाऊक नाही. मी तर त्या वेळी खाली तंबूत अनुपमाबाईंना वारा घालत बसले होते. ओरडा ऐकू आला तेव्हाच धावले. पण खरं सांगू? मला नेहमी वाटत आलंय की तो जबाब बाईंनीच दिला असावा. नाव त्यांचं व्हायचं होतं. उडी दुसरीने मारली हे कळलं असतं तर त्यांचं काय राहिलं असतं? तू हे माझ्याकडून ऐकलंस असं कुठे बोलू नकोस.

माझं बीपी वाढलंय. सून चांगली आहे, नातीच्या वेण्या मी घालते. तूही ये एकदा राहायला. हे सगळं सोडून ये.

तुझी,
रत्ना


जोगेश्वरी,
४ मार्च १९८५

प्रिय रत्ना,

अनुपमाबाई! मला सुचलंच नाही बघ. मी आपली चंद्रप्रकाशच्या मागे. आणि ही बाई पंचवीस वर्षं मुलाखती देतेय, ‘त्या उडीच्या वेळी मी देवाचं नाव घेतलं.’ देवाचं नाव मी घेतलं होतं. तू सांगितलंस ते फार बरं झालं. आता कुणाला गाठायचं ते कळलं.

मी हातावर हात ठेवून बसलेली नाही. रविवारी बोरिवलीला गेले होते. आपले स्टिल फोटोग्राफर मार्तंड आठवतात? उंच, तोंडात कायम लवंग. आता नीट दिसत नाही त्यांना, पण माझ्या पायाचा आवाज ऐकून म्हणाले, ‘खाणीतली पोरगी ना?’ रत्ना, मला रडू आलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या दिवसाच्या नावाने मला ओळखलं.

त्यांनी सांगितलं, पाणी कुणी मोजलंच नव्हतं. दोर टाकून बघा असं ते स्वतः म्हणाले होते, पण ऊन उतरत होतं आणि चंद्रप्रकाशला त्याच उजेडात शॉट हवा होता. आणि त्यांच्याकडे फोटो आहे! मी हवेत, केसांचा टोप मागे सरकलेला, तोंड स्वच्छ दिसतंय. माझंच तोंड. कुणीही सांगेल अनुपमाबाई नाहीत म्हणून. पत्र्याच्या पेटीतून निगेटिव्ह काढून दिलं आणि म्हणाले, ‘तेव्हा माझी हिंमत झाली नाही. आता माझं कोण काय वाकडं करणार?’

मी तो फोटो मोठा करायला टाकलाय. चांगला दोन हात लांब.

आता अंधेरीला बाईंच्या घरी जाणार. आधी तोंडावर विचारीन. मग मंडपात.

तुझी,
मालन


मुलुंड (पूर्व),
१३ मार्च १९८५

प्रिय मालन,

अगं बाई, काय चालवलंयस तू हे! अंधेरीला अजिबात जाऊ नकोस. बाईंचा स्वभाव तुला माहीत नाही. त्या पोलिसांत देतील. मी ‘असावा’ असं लिहिलं होतं, ‘आहे’ असं नव्हतं लिहिलं. तू अर्थाचा अनर्थ करतेस.

शिवाय एक सांगायचं राहिलं. सत्कारात माझंही नाव आहे. ‘पडद्यामागचे कलावंत’ म्हणून चारपाच जणांना स्टेजवर बसवणार, त्यात मी. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी नारळ देणार आहे. माझा मुलगा साहेबाकडे रजा मागून येतोय. नात शाळेत सगळ्यांना सांगत सुटलीय. तू त्या दिवशी तमाशा केलास तर माझंही हसं होईल. माझा एवढा तरी विचार कर.

आणि जबाब जिने कुणी दिला असेल, तिने मुद्दाम खोटं सांगितलं असं तरी कशावरून? समोर दिसतं त्यावरून माणूस बोलतं. तू वर कड्यावर एकटी, कानातली फुलं काढून दगडावर ठेवलीस, डोळे मिटून उभी राहिलीस. बघणाऱ्याला काय वाटेल? जीव द्यायला आलेली बाईच अशी अंगावरचं काढून ठेवते. घाईत, घाबरून कुणी काही बोललं असेल. माणसाच्या हातून होतं.

विसर गं. आपण दोघी म्हाताऱ्या व्हायला आलो.

तुझीच,
रत्ना


जोगेश्वरी,
२९ मार्च १९८५

प्रिय रत्ना,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं बरोबर आहे. मी कुणाच्या नादी लागत नाही आता.

त्या दिवशी येईन मात्र. मागे बसेन आणि तुला नारळ मिळाला की टाळ्या वाजवीन. तुझ्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, मी नको का?

तू कोणती साडी नेसणार? मापाचं ब्लाउज आणि कापड पाठवून दे, मी शिवून देते. स्टेजवर बसणार आहेस, सगळ्यांच्या नजरा तुझ्यावर असतील. ब्लाउज झकास बसायला हवं.

मालन


मुलुंड (पूर्व),
६ एप्रिल १९८५

माझ्या लाडक्या मालन,

किती हलकं वाटलं म्हणून सांगू! देवाला साखर ठेवली. मला वाटलंच होतं, तू मनाने मोठी आहेस.

मुलाच्या ऑफिसातल्या एकाबरोबर ब्लाउज आणि कापड पाठवतेय. मोरपिशी आहे. बाह्या कोपरापर्यंत ठेव, दंड फार सुटलेत. आणि ऐक, मला स्टेजवर दोन शब्द बोला म्हणाले तर काय बोलू? मला आपलं ‘आभारी आहे’ एवढंच येतं.

तुला पुढच्या रांगेत जागा ठेवायला सांगते. तुझ्या पायाला पायऱ्या नकोत.

तुझीच,
रत्ना


जोगेश्वरी,
२३ एप्रिल १९८५

रत्नप्रभा,

तू मध्येच निघून गेलीस. पुढे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. पण आधी मागचं.

कानातली फुलं मी काढली तेव्हा कड्यावर मी एकटी होते. अनुपमाबाईंच्या कानात त्या शॉटला काही नव्हतं हे मला वर गेल्यावर आठवलं, म्हणून काढली. हे मी कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, लवूला नाही, तुलाही नाही. मी ते फक्त एकदा ऐकलंय. इस्पितळात, फौजदाराच्या तोंडून, त्या जबाबात. ‘तिने कानातली फुलं काढून दगडावर ठेवली ती मी पाहिली.’ तुझ्या १३ मार्चच्या पत्रात ते वाक्य आलं आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली.

तरी मन मानेना. म्हणून अंधेरीला गेले. अनुपमाबाईंनी दार स्वतः उघडलं. मी म्हटलं, त्या दिवशी तंबूत तुम्हांला वारा कोण घालत होतं? त्या म्हणाल्या, ‘कसला तंबू? माझं काम सकाळी उरकलं. अकराला मी घरी होते.’ मी फोटो पुढे ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून बघितला. मग म्हणाल्या, ‘मला सांगितलं होतं की मुलगी पैसे घेऊन गावाला गेली, मजेत आहे.’ मी उठून चार पावलं चालून दाखवली. म्हटलं, ही बघा मजा. मंडपात तुम्ही सांगता की मी सांगू? त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, ‘मी सांगते. मला पोहताही येत नाही गं.’

हे सगळं झाल्यावर मी तुला ते गोड पत्र लिहिलं. मला खोटं लिहिता येतं हे मला तेव्हा कळलं. तुझ्याकडूनच शिकले असेन.

परवा मंडपात तू मला हात केलास. मोरपिशी ब्लाउज छान बसलं होतं. बाह्या अगदी बेताच्या.

पडद्यावर उडी आली तेव्हा हजारभर माणसांनी टाळ्या पिटल्या. मी पहिल्यांदाच पाहिली ती. थेटरात कधी गेलेच नव्हते. किती लहान दिसते मी, रत्नप्रभा. मग दिवे लागले, अनुपमाबाईंना शाल द्यायला बोलावलं आणि त्यांनी माइक हातात घेतला. ‘ही शाल माझी नाही. उडी मारली ती मुलगी समोर बसलीय.’

पायऱ्या चढायला मला वेळ लागला. त्या वेळात सगळ्यांनी माझा पाय बघितला. कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. मार्तंडांच्या भाच्याने फोटो उलगडून धरला. चंद्रप्रकाश म्हणाला, ‘बाईंची तब्येत बरी नाही, खाली घ्या त्यांना.’ मी म्हटलं, तब्येत तुम्हीच बिघडवलीत, पाणी न मोजता. मग मी तो जबाब म्हटला. पंचवीस वर्षं पाठ होता, एक शब्द चुकला नाही. आणि शेवटी म्हटलं, ‘याखाली सही करणारी बाई याच स्टेजवर बसलीय.’

मी नाव घेतलं नव्हतं. तू गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं नसतं. चार बायका होत्या तिथे. पण तू उठलीस. नारळ खुर्चीवर ठेवून दुसऱ्या बाजूने उतरलीस, आणि सगळ्यांनी तुला उतरताना पाहिलं. तुझ्या मुलानेही.

तू गेल्यावर लोकांनी चंद्रप्रकाशला बोलू दिलं नाही. त्याचा हार तबकातच राहिला. दोन माणसांनी धरून त्याला मागच्या बाजूने गाडीत बसवलं. आज पेपरात फोटो आलाय, माझ्या नावासकट.

पण माझं पोट भरलेलं नाही. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती पेपर वाचत नाही, आणि माझ्यावर तिचा विश्वास नाही. पंचवीस वर्षांपूर्वी पोलिसाने सांगितलं ते तिच्या डोक्यात बसलंय. मी पंचेचाळीसची झाले तरी मला एकटीला गच्चीवर जाऊ देत नाही. मी सांगितलं की म्हणते, ‘होय गो बाय, होय,’ आणि माझा हात सोडत नाही.

तिला तू सांगायचंस. इथे येऊन, तिच्यासमोर बसून. नाही आलीस तर मी तुझ्या सोसायटीत येईन आणि जिन्यात उभी राहून तो जबाब म्हणून दाखवीन. मला वेळ आहे.

मालन


मुलुंड (पूर्व),
३० एप्रिल १९८५

मालन,

तुला काय म्हणू? मैत्रीण म्हणायचं तोंड मला राहिलं नाही.

सगळं खरं आहे. तुझ्या टोपाला एक आकडा लावायचा राहिला होता, म्हणून मी मागून वर येत होते. तुला फुलं ठेवताना पाहिलं. उडी पाहिली. पाणी लाल झालेलं पाहिलं. संध्याकाळी चंद्रप्रकाशने मला गाडीत बसवलं आणि म्हणाला, ‘केस झाली तर पिक्चर बंद. पिक्चर बंद तर तुझ्यासकट साठ माणसं घरी. सही कर, मुलीचं मी बघतो.’ मी केली. वेणीला रिबीन बांधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं. मग मला कळलं की तो काही बघत नाही. तेव्हा मी पत्रं लिहायला लागले तुला. वाटायचं, पत्रं लिहीत राहिले तर फिटेल.

अनुपमाबाईंचं नाव मी घेतलं त्याला मात्र काही सबब नाही. ते पोटातल्या भीतीने घेतलं.

घरात कुणी बोलत नाही माझ्याशी. मुलगा त्या दिवसापासून जेवायचं ताट घेऊन आतल्या खोलीत जातो. नात वेणी घालायला तिच्या आईकडे जाते. तुझं झालं ना मालन एवढ्याने? म्हाताऱ्या माणसाला आता का सांगायचं? मी हात जोडते. माफ कर.

तुझा हट्टच असेल तर रविवारी येते. पण तू घरी असू नकोस. तुझ्यासमोर माझ्याच्याने बोलवणार नाही.

रत्नप्रभा


जोगेश्वरी,
६ मे १९८५

रत्नप्रभा,

तू म्हणालीस घरी असू नकोस. मी होते. पडद्यामागे मोरीच्या कट्ट्यावर बसले होते. तुझ्यावर आता कसला विश्वास ठेवायचा?

तू सरळ बोललीस, हे कबूल करते. रडून वेळ काढशील असं वाटलं होतं. ‘मावशी, तुमची मालन जीव द्यायला गेली नव्हती. कामाला गेली होती. कागदावर मी खोटं लिहून दिलं.’ एवढंच. 

नंतर आईने विचारलं ते तू ऐकलंस. ‘ह्या आता माझ्या घोवाक कोण सांगतलो?’

माझे बाबा जाऊन अठरा वर्षं झाली. तू चहा तसाच ठेवून उठलीस. बरं केलंस. 

तू गेल्यावर आईने मला हाक मारली. मी बाहेर आले. तिने माझ्या पायाला हात लावला, त्या मोडलेल्या जागी, जसा लहान पोराला लागलं की लावतात. म्हणाली, ‘किती उंच होता गो?’ पंचवीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आपल्या तीन माळ्यांच्या चाळीएवढं. ती हसली. माझी आई हसली, रत्नप्रभा. म्हणाली, ‘तुका भिया नाय वाटला?’ मग मी तिला सगळी उडी सांगितली, टोप कसा सरकला, वारा कसा लागला, पाणी कसं काळंभोर होतं. पुन्हा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितली.

आज सकाळी शकु, तिची जाऊ, खालची दळणवाली, सगळ्यांना ती पेपरातला फोटो दाखवत होती. ‘माझा चेडू,’ म्हणून, माझी लेक म्हणून.

हे पंचवीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. तेव्हा बाबा होते. मी आतापेक्षा बरी चालत होते. लवू चाळीच्या दारात उभा राहायचा. तू रिबीन बांधायच्या वेळात हे सगळं घेतलंस आणि वर मला दर दिवाळीला पत्र पाठवून मी सुखात आहे का विचारलंस.

तू माफी मागितलीस. लोक म्हणतील आता देऊन टाकावी. मी काल आईशेजारी बसून प्रामाणिकपणे शोधली. नाही सापडली. तुझा मुलगा ताट घेऊन आत जातो हे वाचून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

यापुढे मला पत्र पाठवू नकोस, आलं तर न उघडता परत करीन. मात्र घर बदललंस तर नवा पत्ता कळव. २१ एप्रिल दरवर्षी येतो, आणि त्या तारखेला मला तुला चार ओळी लिहायच्या आहेत.

मालन धोंडू